न पाळायचं ग्रहण

ग्रहण म्हटलं की मराठी घरातला पहिला प्रश्न असतो, "म्हणजे जेवायचं किती वाजता?" वेध कधी लागतात, पाणी चालतं का, औषधाच्या गोळीबरोबर दूध घेतलं तर ते खाण्यात धरायचं की औषधात, भाजी आधीच चिरून ठेवायची का, लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान पडलं का, हा सगळा कारभार मार्गी लागला की मग आतल्या खोलीतून कोणीतरी विचारतं, "दिसणार आहे का हो आपल्याकडे?" या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही. तोवर सगळे गॅसजवळ जमलेले असतात.

या व्यवस्थेत खग्रास ग्रहणाचा मान मोठा. खंडग्रासालाही बसायला पाट मिळतो. उरतं ते छायाकल्प चंद्रग्रहण. त्याला वेध नाहीत, स्पर्शाचं स्नान नाही, मोक्षाचं दान नाही, गरोदर बाईनं सुरीला हात लावू नये असा दम नाही. पंचांगकर्ते एका वाक्यात त्याची बोळवण करतात : हे ग्रहण पाळू नये. झालं! ज्याच्यापायी एकही घास चुकत नाही, अशा ग्रहणाकडे मान वर करून बघायचं तरी कशाला? पथ्य न सांगणाऱ्या डॉक्टरला फी देताना आपला हात आखडतो, तसलाच हा प्रकार.

अशा एका बिनपथ्याच्या ग्रहणाला मी बसभर मराठी माणसांसह थेट वाळवंटात हजर होतो. गाव जैसलमेर, तारीख ११ फेब्रुवारी २०१७.

खरं तर आम्ही ग्रहणासाठी गेलोच नव्हतो. माघ शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा असे तीन दिवस जैसलमेरला मरु महोत्सव भरतो. त्यात पगडी बांधण्याची स्पर्धा असते, उंटांच्या शर्यती असतात, 'मरुश्री' नावाचा किताब असतो आणि मिशांची स्पर्धा असते. ती स्पर्धा बघून आमच्या बसमधले एक सातारकर काका दोन दिवस स्वतःच्या मिशीवरून हात फिरवत गप्प बसले होते. पौर्णिमेच्या संध्याकाळी हा सगळा गोतावळा चाळीसेक किलोमीटरवरच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर जातो आणि चांदण्यात नाचगाण्यानं महोत्सव संपतो. ग्रहण त्याच पौर्णिमेच्या शेवटाला पडलं होतं. सहलीच्या छापील कार्यक्रमात त्याचा उल्लेख नव्हता. म्हणजे ते फुकट होतं, आणि फुकट आहे म्हटल्यावर त्याला वाऱ्यावर सोडणं आमच्यातल्या कोणाच्याच स्वभावात नव्हतं.

बातमी अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवरून आली. 'आज रात्री आकाशात तीन चमत्कार! पौर्णिमा, ग्रहण आणि धूमकेतू! अमेरिकेत याला स्नो मून म्हणतात!' यातलं प्रत्येक विधान खरं होतं. पौर्णिमा होती. ग्रहण होतं. ४५ पी हा धूमकेतू त्याच दिवशी पृथ्वीच्या सर्वांत जवळ येत होता, म्हणजे सव्वा कोटी किलोमीटरवर. फक्त तो दुर्बिणीशिवाय दिसण्यातला नव्हता. आणि फेब्रुवारीच्या पौर्णिमेला अमेरिकेत स्नो मून म्हणतात हेही खरं. ते वाचून डोंबिवलीच्या वहिनींनी वाळवंटात आणखी एक स्वेटर चढवला.

पहिली अडचण रात्रीच्या जेवणाची आली. समच्या तंबूंमध्ये आठ वाजता पानं मांडली गेली. दाल, बाटी, चुरमा, केर-सांगरीची भाजी, वर तुपाची धार. तेवढ्यात नाशिकच्या आजींनी हात मागे घेतला.

"उपच्छायेचा स्पर्श पहाटे चार वाजून चार मिनिटांनी आहे," आजी म्हणाल्या. "चंद्राला तीन प्रहरांचे वेध. म्हणजे नऊ तास. ते सात वाजून चार मिनिटांनी लागले. मी फक्त पाणी घेईन, तेही चालतं म्हणून."

आजींचं गणित बिनचूक होतं. तंबूत शांतता पसरली. ज्यांनी बाटी फोडली होती ते तिच्याकडे बघू लागले, ज्यांनी फोडली नव्हती ते फोडणाऱ्यांकडे. टूर मॅनेजर हा मुलगा हजरजबाबी होता. तो म्हणाला, "आजी, हे छायाकल्प आहे. पाळायचं नसतं. बघा, फोनमध्ये दिलंय."

"फोनमधल्या पंचांगाला काय कळतंय!"

मग नाशिकला फोन लागला. सूनबाईंना स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढायला लावलं, फेब्रुवारीचं पान उलटायला लावलं आणि मागचा बारीक मजकूर मोठ्यानं वाचायला लावला. फोनचा स्पीकर चालू होता. अवघा तंबू कान देऊन ऐकत होता. कालबेलिया नाचणाऱ्या बायकाही थांबल्या होत्या. सूनबाईंनी वाचलं, "छायाकल्प, पाळू नये."

आजींच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा निराशा जास्त होती. "एवढं लांब आलो," त्या म्हणाल्या, "आणि ग्रहणसुद्धा धड नाही." मग त्यांनी दोन बाट्या खाल्ल्या, वर चुरमा.

वहिनींनी मात्र सावधगिरी सोडली नाही. घरून आणलेला चकल्यांचा डबा त्यांच्या पिशवीत होता आणि वाळवंटात तुळस मिळण्याचा संभव नव्हता. त्यांनी पर्स उपसली, खोकल्याची एक गोळी शोधून काढली, वेष्टनावरचं तुळशीचं चित्र आम्हाला दाखवलं आणि गोळी उघडून डब्यात टाकली. पुढे उदयपूरपर्यंत आम्ही निलगिरीच्या वासाच्या चकल्या खाल्ल्या. त्यांना ग्रहण मात्र लागलं नाही, हे मान्य करायला हवं.

परतीच्या वाटेवर सांगलीच्या सरांनी बसचा माईक हातात घेतला. सर निवृत्त विज्ञान शिक्षक. एरवी त्या माईकवर अंताक्षरी चाले. सरांनी सांगितलं ते असं. सूर्य हा ठिपका नाही, चांगली मोठी थाळी आहे. त्यामुळे पृथ्वीच्या सावलीचे दोन भाग पडतात. मधली दाट ती प्रच्छाया. तिथून सूर्याचा कणही दिसत नाही. तिच्याभोवतीची विरळ ती उपच्छाया. तिथून सूर्य थोडा झाकलेला, थोडा उघडा दिसतो. चंद्र प्रच्छायेत शिरला की खंडग्रास, खग्रास. तो नुसता उपच्छायेतून गेला की छायाकल्प. "आज रात्री तुम्ही चंद्रावर उभे असता," सर म्हणाले, "तर तुम्हाला सूर्यग्रहण दिसलं असतं. पृथ्वीमुळे लागलेलं. तिथून पृथ्वी सूर्याच्या साडेतीन पटींहून रुंद दिसते. चंद्राच्या उत्तरेच्या कडेला उभा असलेल्या माणसाला सूर्याची जेमतेम कोर दिसेल आणि दक्षिणेच्या कडेवरच्या माणसाला जवळपास अख्खा सूर्य. म्हणून उत्तरेची कड मळकट आणि दक्षिणेची लख्ख."

"पण आपण चंद्रावर नाही, बसमध्ये आहोत," मागून आवाज आला. "आपल्याला काय दिसणार?"

"आपल्याला," सर म्हणाले, "लक्ष दिलं तर दिसेल."

शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी हे वाक्य ऐकल्यावर बसमधल्या निम्म्या माणसांना झोप आली.

जागे राहिले ते बँकवाले काका. ते एका राष्ट्रीयीकृत बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांचा जीव एका आकड्यात अडकला होता. या ग्रहणात चंद्राच्या रुंदीचा ९९ टक्के भाग उपच्छायेत जाणार होता. "मग तो एक टक्का कुठं गेला?" काकांनी विचारलं. सर म्हणाले, तो बाहेर राहिला. दुसऱ्या बाजूला दाट छायेलाही चंद्र असाच हुकला. शंभरेक किलोमीटर इकडे सरकला असता, तर त्याची कड प्रच्छायेत बुडाली असती आणि रीतसर खंडग्रास ग्रहण झालं असतं. वेध, सूतक, सगळं.

"शंभर किलोमीटर!" काका हळहळले. "म्हणजे पुणे-लोणावळ्याच्या आत-बाहेर!" मनातलं अंतर त्यांनी जाऊन-येऊन धरलं असावं. दुपारीसुद्धा त्यांचं असंच झालं होतं. जैसलमेरच्या किल्ल्याला ९९ बुरूज आहेत असं गाइडनं सांगितल्यावर ते मागे राहून बुरूज मोजत बसले होते. शंभरावा का बांधला नाही, याचं समाधानकारक उत्तर गाइड देऊ शकला नव्हता. एकाच दिवसात नव्व्याण्णव बुरूज आणि नव्व्याण्णव टक्के ग्रहण. काकांना रात्री नीट झोप लागली नाही, असं काकूंनी नंतर सांगितलं.

सहलीचा ठरलेला मंत्र सहा-सात-आठ. म्हणजे सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. त्या दिवशी ग्रहणप्रेमींसाठी साडेपाचला दारावर टकटक झाली. हॉटेल किल्ल्याच्या पूर्वेला होतं, त्यामुळे गच्चीवर गेल्याबरोबर समोर किल्ला आणि त्याच्यावर मावळतीकडे निघालेला पूर्ण चंद्र, अशी सोय होती. थंडी सडकून होती. कानटोप्या, शाली, हॉटेलच्या रजया. एक भाऊ उशीसकट आले होते. ते चंद्र मावळेपर्यंत ती पोटाशी धरून उभे राहिले.

इथं जैसलमेरच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवली पाहिजे. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी घडतं. मध्य सहा वाजून चौदा मिनिटांनी, म्हणजे भारतभर सहा चौदालाच. पण गुवाहाटीकरांचा चंद्र तोवर मावळून गेलेला होता. आपला देश एवढा लांबरुंद आणि घड्याळ एकच, त्यामुळे पार पश्चिमेच्या या गावात फेब्रुवारीतला सूर्य सातनंतर वीसेक मिनिटांनी उगवतो. तेवढा वेळ चंद्र आमच्याकडे मुक्कामाला होता. मध्याच्या वेळी तो क्षितिजापासून हातभर वर होता आणि आकाशात उजाडायला नुकतीच सुरुवात झाली होती. छायाकल्प ग्रहण बघायला भारतात त्या पहाटे याहून फार चांगली जागा शोधायची तर पाकिस्तानची सरहद्द ओलांडावी लागली असती.

आणि तरीही पहिला संवाद असा झाला.

"दिसलं का?"

"दिसतंय की."

"काय दिसतंय?"

"चंद्र."

यानंतर गच्चीवर आपोआप तीन पक्ष पडले. पहिला पक्ष आल्याबरोबर "अहाहा!" म्हणणाऱ्यांचा. यांना कुठल्याही पॉइंटवर नेलं तरी अहाहाच म्हणतात. सूर्योदयाला, धबधब्याला, मीठ तयार करण्याच्या कारखान्यालाही. दुसरा पक्ष "छे, काही नाही" म्हणणाऱ्यांचा. हे लोक पैसे वसूल झाले की नाही या एकाच निकषावर विश्वाकडे बघतात. तिसरा पक्ष सगळ्यांत मोठा. तो काहीच बोलत नाही. शेजारी काय बोलतोय ते ऐकतो आणि मग त्याला तसं दिसतं. या पक्षाला पहिल्यांदा डाव्या बाजूला सावली दिसली, कारण एका मावशींनी डावीकडे बोट केलं होतं. सरांनी "उजवीकडे, वरच्या अंगाला" म्हटल्यावर सगळ्यांना ताबडतोब उजवीकडे दिसायला लागली. मावशी मात्र शेवटपर्यंत डावीकडेच ठाम होत्या.

फोनधारकांची वेगळीच गत. चंद्रावर फोन रोखला की फोनला वाटतं अंधारच महत्त्वाचा. मग तो अंधार उजळ करायला जातो आणि चंद्राचा नुसता पांढरा गोळा होतो. गच्चीवरच्या प्रत्येकाकडे तोच पांढरा गोळा होता, आणि प्रत्येक जण तो शेजाऱ्याला दाखवत होता.

एवढ्यात बँकवाले काका वर आले. त्यांच्या हातात एक्स-रे होता. काकूंच्या गुडघ्याचा. तो त्यांनी सहलीला का आणला होता हे विचारू नका. काकूंनी विचारलं होतं. गच्चीवर हशा पिकला. सरांनी समजावलं, "काका, काळी काच सूर्यग्रहणाला लागते. चंद्राकडे उघड्या डोळ्यांनी कितीही बघा, काही होत नाही. आणि सूर्याकडे तर एक्स-रेतून मुळीच बघू नये, त्यानं डोळा जातो." काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, गुडघा डोळ्यासमोर धरला आणि म्हणाले, "पण सर, याच्यातून तर चक्क दिसतंय."

आणि दिसत होतं! पौर्णिमेचा चंद्र एवढा झगझगीत असतो की त्या झगमगाटात ही हलकी सावली हरवून जाते. झगमगाट थोडा दाबला, की ती वर येते. सरांनी एक्स-रे मागून घेतला, बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता पुढच्या माणसाकडे दिला. मग ज्यांच्याजवळ गॉगल होते त्यांनी खोलीतून गॉगल आणले. भल्या पहाटे, अंधारात, थंडीनं कुडकुडत, कानटोपीवर गॉगल चढवून उभी असलेली ती माणसं बघून शेजारच्या गच्चीवरच्या परदेशी बाईनं आमचाच फोटो काढला.

माझ्याही हातात गुडघा आला. वाटीच्या हाडाच्या वरच्या मोकळ्या काळसर भागातून चंद्र बघितला. उजवीकडची वरची कड करड्या रंगाची होती. कड म्हणजे रेषा नव्हे. रेषा कुठेच नव्हती. खालून डावीकडून लख्ख पांढऱ्यानं सुरुवात होऊन वर उजवीकडे जाईपर्यंत तो पांढरा कुठे संपला हे सांगता येत नव्हतं, पण संपला होता एवढं नक्की. एरवी पौर्णिमेचा चंद्र सगळीकडून सारखाच भरलेला, सपाट दिसतो. त्या दिवशी त्याला एक बाजू होती, तो गोल होता. मग एक्स-रे बाजूला केला आणि उघड्या डोळ्यांनी बघितलं, तर आता तसंही दिसत होतं. एकदा दिसल्यावर न दिसण्याची सोय राहत नाही.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या.

"एवढंच," सर म्हणाले. "आणि आता हे उतरणार."

मग सरांनी भास्कराचार्य काढले. सर ते काढणार हे आम्हाला बसमध्येच कळायला हवं होतं. 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ ११५० सालचा. रावळ जैसलनं समोरचा किल्ला उभारायला घेतला तो ११५६ मध्ये, म्हणजे सहाच वर्षांनी. भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, त्यामुळे ते आपलेच, हे सरांनी ओघात सांगून टाकलं. तर भास्कराचार्य म्हणतात की चंद्राचा सोळावा हिस्सा झाकला गेला तरी तेजाच्या लखलखाटात तो कळत नाही. सूर्याचं तेज त्याहून तीव्र, म्हणून त्याचा बारावा हिस्सा. तेव्हा याहून लहान ग्रहण शहाण्या माणसानं जाहीरच करू नये.

हा नियम मला फार आवडला. यात गणित येत नाही म्हणून गप्प बसा असं नाही. गणित येतं, ग्रहण आहे हे ठाऊक आहे, त्याची वेळही काढता येते. पण लोकांना दिसणार नाही, तर लोकांना सांगू नका. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर नक्कीच अशी एखादी गच्ची असणार. आणि ही तर दाट छायेतल्या ग्रहणांची गोष्ट. छायाकल्पात दाट छाया चंद्राला शिवतही नाही. म्हणजे 'पाळू नये' हा पंचांगातला शेरा तुच्छतेनं मारलेला नसून डोळ्यांना विचारून मारलेला आहे. आजच्या बातमीदारांना मात्र भास्कराचार्यांचा नियम परवडत नाही. सांगायचंच नाही म्हटलं तर चॅनेल चालायचं कसं?

साडेसहानंतर उजेड वाढत गेला आणि सावली पुसट झाली. अहाहावाल्यांचा पक्ष चहाच्या चौकशीला खाली गेला. आणि नेमका तेव्हा त्या पहाटेचा सगळ्यांत देखणा भाग सुरू झाला. पश्चिमेला क्षितिजाला लागून एक निळसर करडा पट्टा उभा राहिला आणि त्याच्या वर फिकट गुलाबी पट्टा. चंद्र त्या गुलाबीतून खालच्या करड्या पट्ट्यात उतरू लागला. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. तीच, जिच्यासाठी आम्ही गुडघ्याचा एक्स-रे फिरवत होतो. चंद्रावर तिची विरळ किनार पडली होती, आणि इथं हवेवर ती स्वतः पसरली होती, डावीकडून उजवीकडे, अख्ख्या क्षितिजभर. वरच्या गुलाबी पट्ट्याला खगोलवाले शुक्राचा कमरपट्टा म्हणतात. हे दृश्य कुठल्याही निरभ्र पहाटे पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला दिसतं. त्याला पौर्णिमा लागत नाही, ग्रहण लागत नाही. अर्थात रोजच दिसतं म्हटल्यावर त्याच्याकडे कोण बघतो! सर ते दाखवत होते तेव्हा गच्चीवर ते, मी, आणि उशीवाले भाऊ एवढेच होतो. भाऊंचे डोळे मिटलेले होते.

सातच्या सुमारास खऱ्या अर्थानं गर्दी झाली. अंघोळी आटोपून, गंध-पावडर करून, नाश्त्याआधी पाच मिनिटं ग्रहण उरकावं म्हणून सगळे वर आले. तोवर चंद्र किल्ल्याच्या भिंतीला टेकायला आला होता. क्षितिजाजवळ त्याचा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा कितीतरी पट जाड हवेतून येतो. त्यातून वाळवंटातली हवा, तिच्यात धूळ. त्यामुळे तो तांबूस, मंद आणि खालून जरासा चेपलेला दिसत होता. नव्या मंडळींनी तो बघितला आणि एकच गलका केला. "लागलं! लागलं! केवढं ठसठशीत लागलंय!" सातारकर काकांनी हात जोडले. पहाटे साडेपाचपासून "काही नाही" म्हणणाऱ्या पक्षानं आपलं मत तिथल्या तिथं बदललं.

गंमत अशी की त्यांना खोटं म्हणता येत नव्हतं. ग्रहण सुटायला आठ वाजून तेवीस मिनिटं व्हायची होती. म्हणजे ते बघत होते तेव्हा ग्रहण चालूच होतं. फक्त ते जे बघत होते ते ग्रहण नव्हतं, धूळ होती. हॉटेलचा चौकीदार चहाची किटली घेऊन वर आला होता. आम्ही त्याला चंद्र दाखवला. त्यानं अदबीनं वर बघितलं आणि म्हणाला, "हुकुम, ये तो रोज ऐसे ही डूबता है।"

त्याचं कोणी ऐकलं नाही. चंद्र एका बुरुजामागे गेला. कितव्या, ते काकांनी मोजलं असेल.

नाश्त्याला आजींनी पुन्हा एक पेच टाकला. चंद्र ग्रहण लागलेलाच मावळला, म्हणजे हे ग्रस्तास्त झालं. ग्रस्तास्ताला संध्याकाळी शुद्ध बिंब उगवलेलं बघितल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, असं त्यांच्या माहेरी होतं. टूर मॅनेजरनं हातातला पोह्यांचा झारा खाली ठेवला आणि नुसतं म्हटलं, "आजी, छायाकल्प." आजींनी प्लेट पुढे केली. पण त्या दिवशी जोधपूरपर्यंतच्या प्रवासात त्या जरा नाराजच होत्या. त्यांच्या लहानपणी ग्रहणाच्या रात्री रस्त्यावरून 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी यायची. घरातले सगळे अंधारात जागे असायचे, आणि ग्रहण सुटलं की सुटल्यासारखं वाटायचं. "यात सुटायला काही धरलेलंच नव्हतं," आजी म्हणाल्या. छायाकल्प ग्रहणावर यापेक्षा नेमका अभिप्राय मी अजून कुठल्या खगोलशास्त्राच्या पुस्तकात वाचलेला नाही.

बसमध्ये मात्र दुपारपर्यंत प्रत्येकानं ग्रहण बघितलेलं होतं. मावशींना डावीकडे दिसलं, वहिनींना धूमकेतूही दिसला (ते बहुधा आखाताकडे जाणारं विमान होतं), आणि झोपून राहिलेल्या दोघांनी पुण्यात फोन करून इतकं तपशीलवार वर्णन केलं की आम्हीच कान देऊन ऐकत राहिलो. त्याच वर्षी ७ ऑगस्टला नारळी पौर्णिमेच्या रात्री आपल्याकडून खंडग्रास ग्रहण दिसलं. त्याला रीतसर वेध होते. राखी किती वाजायच्या आत बांधायची यावर बसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आठवडाभर चर्चा झाली आणि आजी खुश होत्या. चंद्राकडे कोणी बघितलं का, हे मी विचारलं नाही.

ज्यांना असलं न पाळायचं ग्रहण बघायची हौस असेल, त्यांनी २१ फेब्रुवारी २०२७ ची पहाट लिहून ठेवावी. पुन्हा माघी पौर्णिमाच आहे. मध्य पहाटे पावणेपाचच्या सुमारास, चंद्राची ९३ टक्के रुंदी उपच्छायेत, आणि या वेळी तो आकाशात बराच वर असेल, त्यामुळे धुळीला श्रेय जाणार नाही. गॉगल न्या. त्याच वर्षी १८ जुलैला, गुरुपौर्णिमेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास आणखी एक छायाकल्प आहे. ते दहाबारा मिनिटांचं आणि इतकं किरकोळ आहे की सावली मोजण्याची रीत जरा बदलली तरी रद्द होतं. त्यासाठी गच्चीवर जायची गरज नाही. जुलैत आपल्याकडे ढग असतात.